हे इथेच का?

(दृश्य: वर्गातल्या पडद्यावर हस्तलिखित स्वरलिपीचं पान. दोन ओळी पेन्सिलीने खोडलेल्या.)

ग्रंथालयात थोर संगीतकारांच्या छापील स्वरलिपी मिळतात, पण त्यांत खाडाखोड नसते. आज विद्यापीठाच्या वर्गात आलेल्या संगीतकाराच्या वहीत ती भरपूर आहे. आणि ही ओळ का काटली, हे त्याला तोंडावर विचारता येतं.

पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: या रचनेचा अर्थ काय? त्याचं उत्तर दोन वाक्यांत आटोपतं. मग कुणीतरी विचारतं, "हे सुचलं कसं?" आणि गप्पांना रंग चढतो, कारण आता बोलणं प्रत्यक्ष कामाबद्दल होतं.

१९६५ साली अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश दोन टेपरेकॉर्डरवर एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवत होते. दोन्ही यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा नव्हता. एक आवाज हळूहळू दुसऱ्यापासून सरकत गेला आणि त्या अंतरातून नवे ताल ऐकू येऊ लागले. राइश यांनी यंत्र दुरुस्त करायला घेतलं नाही. ते कान देऊन ऐकत राहिले.

(दृश्य: दोन विद्यार्थी समोरासमोर उभे.)

पुढे १९७२ मध्ये त्यांनी फक्त टाळ्यांची रचना केली. १२ मात्रांचं आवर्तन. तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी. दोन टाळ्या, एक रिकामी. एक टाळी, एक रिकामी. पुन्हा दोन टाळ्या, एक रिकामी. एकाने हे शेवटपर्यंत बदलायचं नाही. दुसऱ्याने काही आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकायचं, मग आणखी एक. बाराव्यांदा सरकल्यावर दोघं पुन्हा एकत्र येतात.

कागदावर हे गणित सोपं दिसतं. करून पाहिलं की कळतं, समोरच्याच्या टाळ्या आपल्याला किती ओढून नेतात! वर्गातली जोडी तिसऱ्या बदलालाच अडखळते. त्यानंतर विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, ते नुसतं ऐकून कधीच पडले नसते.

(दृश्य: आलेखाच्या कागदावर तिरप्या रेषा.)

संगीतकाराने शिकवायचं काय, हा प्रश्न फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्यासमोरही आला होता. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात १९५०च्या सुमारास यानिस झेनाकिस हे ग्रीक संगीतकार त्यांच्याकडे आले. वय तिशीच्या आसपास, शिक्षण अभियांत्रिकीचं, नोकरी वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिए यांच्या कार्यालयात. स्वरसंवादाचे (हार्मनीचे, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे) पारंपरिक धडे पहिल्यापासून गिरवू का, असं त्यांनी विचारलं. मेसियाँ म्हणाले, नको. गणित आणि वास्तुकला येते ना, तीच संगीतात आणा. झेनाकिस यांनी पुढे वाद्यवृंदातल्या प्रत्येक तंतुवादकाला स्वतंत्र ओळ लिहून दिली आणि आलेखावरच्या रेषांसारखे सूर एका उंचीवरून दुसरीकडे घसरत नेले. विद्यार्थ्याजवळ आधीच काय आहे, ते ओळखणारा असा गुरू मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

अमेरिकन संगीतकार कॅरोलिन शॉ यांना २०१३ मध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या प्रिन्स्टन विद्यापीठात डॉक्टरेट करत होत्या. आठ आवाजांसाठीच्या त्यांच्या या पारितोषिकविजेत्या रचनेत गाण्याबरोबर बोलणं, कुजबुज, उसासेही आहेत. ज्या गायकवृंदासाठी ती लिहिली, त्यात त्या स्वतः गात. कोणाचा आवाज कुठवर पोहोचतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

म्हणून या वर्गात एक मुलगी स्वतःची रचना पुढे करते, तेव्हा पाहुणे संगीतकार आधी स्वर पाहत नाहीत. विचारतात, "हे वाजवणार कोण?"

ती बासरीवादक मैत्रिणीचं नाव सांगते.

"मग या सहा ओळींत ती श्वास कुठे घेणार?"

मैत्रीण मागच्याच बाकावर आहे. ती बासरी काढते, आणि तिसऱ्या ओळीत पेन्सिलीने एक स्वर खोडला जातो.