मॅडिसन स्ट्रीटचा बांध

शिकागो शहरात घरांचे आणि रस्त्यांचे क्रमांक ज्या रेषेपासून मोजले जातात, ती रेषा म्हणजे मॅडिसन स्ट्रीट. या रस्त्यापासून उत्तरेकडे निघाले की क्रमांक वाढत जातात आणि दक्षिणेकडे निघाले तरी ते वाढतच जातात. उत्तरेला 3600 या क्रमांकावर ॲडिसन स्ट्रीट लागतो, आणि तिथे रिग्ली फील्ड हे कब्स या बेसबॉल संघाचे मैदान आहे. दक्षिणेला 3500 वर पस्तिसावा रस्ता लागतो, आणि तिथे व्हाइट सॉक्स या संघाचे मैदान आहे, ज्याचे आजचे नाव रेट फील्ड. दोन्ही मैदानांत अंतर सुमारे 13 किलोमीटरचे, आणि रेड लाइन ही एकच रेल्वे दोन्हींच्या दारात थांबते.

ज्या दिवशी हे दोन संघ एकमेकांशी खेळतात, त्या दिवशी रेड लाइनच्या डब्यात निळ्या आणि काळ्या टोप्या एकाच दांडीला धरून उभ्या असतात. निळ्या टोपीवर तांबड्या रंगात ‘सी’ हे एकच अक्षर असते, तर काळ्या टोपीवर पांढऱ्या, जुन्या वळणाच्या तिरप्या अक्षरांत ‘सॉक्स’ असे लिहिलेले असते. गर्दीत एखाद्याच्या अंगात मधोमध शिवून जोडलेला सदराही दिसतो, ज्याची डावी बाजू एका संघाची आणि उजवी बाजू दुसऱ्या संघाची असते. घरात दोन्हीकडची माणसे असली की असा सदरा जन्माला येतो. एकाच शहरातल्या या दोन संघांच्या सामन्याचे खऱ्या चाहत्याला नेमके किती महत्त्व वाटते, आणि जे वाटते ते कुठून येते, हे आपण आज पाहणार आहोत.

आधी रोकडा हिशेब मांडू. बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. हे संघ दोन वेगळ्या लीगमध्ये आणि त्यांतल्या लहान गटांत विभागलेले असतात. कब्स नॅशनल लीगमध्ये आहेत आणि व्हाइट सॉक्स अमेरिकन लीगमध्ये, त्यामुळे गुणतक्त्यात ते एकमेकांच्या वर किंवा खाली कधीच नसतात. एकाने दुसऱ्याला हरवले तरी त्याची जागा त्याला मिळत नाही. किंबहुना 1997 पर्यंत दोन लीगमधले संघ नियमित हंगामात एकमेकांशी खेळतच नसत. 16 जून 1997 रोजी कब्स आणि व्हाइट सॉक्स पहिल्यांदा असे समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांना एका शहरात नांदून जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती. 2025 च्या हंगामात त्यांच्यात सहा सामने झाले. एकशे बासष्टांपैकी सहा.

या सहा सामन्यांचे वजन तक्त्यात किती पडते, हे 2008 सालाने स्वच्छ दाखवून दिले. त्या जूनमध्ये दोन्ही संघ आपापल्या गटात आघाडीवर होते. रिग्लीवर कब्सनी तिन्ही सामने जिंकले आणि पुढच्याच आठवड्याच्या अखेरीस आपल्या मैदानावर व्हाइट सॉक्सनी तिन्ही जिंकून पुरता वचपा काढला. सप्टेंबर संपताना व्हाइट सॉक्स आणि मिनेसोटा ट्विन्स यांची बरोबरी झाली, दोघांचेही 88 विजय, आणि गटविजेता ठरवण्यासाठी एकशे त्रेसष्टावा सामना खेळवावा लागला. काळे कपडे घालून आलेल्या प्रेक्षकांसमोर व्हाइट सॉक्सनी तो 1-0 असा जिंकला. ती एकमेव धाव जिम थोमीच्या होम रनने, म्हणजे चेंडू थेट मैदानापार धाडणाऱ्या फटक्याने आली. रिग्लीवर गमावलेल्या तीन सामन्यांपैकी एक जरी जिंकला असता, तरी ही जीवघेणी रात्र उगवली नसती. मात्र हीच गोष्ट त्या वर्षी गमावलेल्या इतर कोणत्याही सामन्याबद्दल म्हणता येते. तक्ता शेजारी ओळखत नाही. आणि तरीही जूनमधल्या त्या सहा दिवसांत मैदानात बसलेला चाहता सप्टेंबरचा विचार करून ओरडत नव्हता, हे खुशाल म्हणता येईल.

मग तो कशासाठी ओरडत होता? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1906 साली कब्सनी हंगामात 116 सामने जिंकले आणि फक्त 36 गमावले. त्याच वर्षी अमेरिकन लीगमधून व्हाइट सॉक्स वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत पोहोचले, तेही अशा फलंदाजीवर की लोकांनी त्यांना ‘फटक्यांविना अजब संघ’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. ऑक्टोबरच्या कडाक्याच्या थंडीत झालेल्या त्या सिरीजमध्ये व्हाइट सॉक्सनी बलाढ्य कब्सना 4-2 असे हरवले. शिकागोच्या दोन संघांमध्ये वर्ल्ड सिरीज झाली ती एवढी एकदाच. एक गोष्ट मात्र इथे आवर्जून सांगायला हवी, कारण ती बहुतेकांच्या ध्यानात नसते: त्या वेळी कब्स उत्तरेचे नव्हते. त्यांचे मैदान शहराच्या पश्चिम भागात होते, आणि आज जिला आपण रिग्ली म्हणतो त्या वास्तूत ते 1916 मध्ये आले. म्हणजे भांडण आधीचे आहे. उत्तर आणि दक्षिण ही वाटणी त्यावर नंतर बसली.

1903 ते 1942 या काळात हंगाम संपला की बहुतेक वर्षी दोन्ही संघांची ‘सिटी सिरीज’ खेळली जाई. तिला राष्ट्रीय पातळीवर काडीची किंमत नव्हती, पण खेळाडूंना तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा मिळे आणि शहराला हिवाळाभर पुरेल इतका विषय मिळे. या सिरीजमध्ये व्हाइट सॉक्सचे पारडे बहुधा जड राहिले.

पुढे वाटणी घट्ट होत गेली, ती खेळापेक्षा रोजगारामुळे आणि वस्त्यांमुळे. दक्षिणेला गुरांचे विस्तीर्ण बाजार आणि कत्तलखाने होते, तिथे राबणाऱ्यांच्या वस्त्या होत्या, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा ब्रॉन्झव्हिल हा भाग जवळच होता. व्हाइट सॉक्सच्या कॉमिस्की पार्कमध्ये 1939 साली दिवे लागले, आणि दिवसभराची पाळी संपवून आलेल्या माणसाला रात्री सामना पाहता येऊ लागला. रिग्लीवर पहिले दिवे लागले ते थेट ऑगस्ट 1988 मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षे कब्सचा घरचा सामना दुपारीच होत असे, म्हणजे ज्याला दुपारी सवड आहे त्याच्यासाठी. माझ्या मते या दोन संघांमधले अंतर समजून घ्यायला दिव्यांच्या या दोन तारखा पुरेशा आहेत.

दक्षिणेत संघ म्हणजे काय, हे 22 सप्टेंबर 1959 च्या रात्री साऱ्या शहराला कळले. व्हाइट सॉक्सनी 40 वर्षांनी अमेरिकन लीग जिंकली होती. महापौर रिचर्ड जे. डेली हे मैदानाजवळच्याच ब्रिजपोर्ट वस्तीतले आणि या संघाचे जुने चाहते. त्यांचे अग्निशमन प्रमुख रॉबर्ट क्विन यांनी आनंदाच्या भरात शहरभरचे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवायला लावले. शीतयुद्धाचा काळ होता आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्याच आठवड्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. रात्री उशिरा भोंगे ऐकून हजारो माणसे धास्तावली, त्यात बेसबॉलशी देणेघेणे नसलेलीही होती. दक्षिणेत मात्र अनेकांनी भोंग्याचा अर्थ लगेच ओळखला.

आता एक नाजूक गोष्ट. ही चुरस दोन्ही बाजूंना सारखी नाही, असे माझे मत आहे. कब्सच्या चाहत्याला विचारले तर त्याचा जुना वैरी म्हणून तो सेंट लुईस कार्डिनल्सचे नाव घेईल, कारण तो संघ त्याच्याच गटात आहे आणि त्याच्याशी खरी जागेची झुंज असते. व्हाइट सॉक्सच्या चाहत्याच्या मनात मात्र पहिले नाव शेजाऱ्याचे येते. याला कारणे आहेत. कब्सचे सामने डब्ल्यूजीएन वाहिनीवरून देशभर दिसत, तर 1982 पासून व्हाइट सॉक्सचे बरेचसे सामने पैसे मोजून पाहाव्या लागणाऱ्या वाहिनीवर गेले. त्याच वर्षी हॅरी कॅरे हे लाडके समालोचकही, व्हाइट सॉक्सकडे अकरा हंगाम काढून, कब्सकडे गेले. सातव्या डावाच्या मध्यंतरात प्रेक्षकांसह गाण्याची त्यांची जी पद्धत आज रिग्लीची ओळख समजली जाते, ती त्यांनी सुरू केली होती दक्षिणेत. 1992 मध्ये व्हाइट सॉक्सनी सॅमी सोसा नावाचा तरुण खेळाडू जॉर्ज बेलच्या बदल्यात कब्सना दिला, आणि त्याने उत्तरेत 545 होम रन मारले. आपले ते शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन फळते, ही सल ज्याने भोगली आहे त्याला सामन्याच्या दिवशी नुसता खेळ दिसत नाही.

आपल्याकडे बांधावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही. बांधाची जमीन वीतभर असते, तिच्यात पायलीभरही पिकत नाही, पण ती सोडायला कोणी तयार नसतो, कारण पलीकडचा माणूस रोज दिसतो.

20 मे 2006 ची ती घटना पाहा. व्हाइट सॉक्सच्या मैदानावर ए. जे. पिअरझिन्स्की तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे धावत सुटला. समोर कब्सचा कॅचर मायकेल बॅरेट चेंडूची वाट पाहत होता. पिअरझिन्स्कीने त्याला खांद्याने उडवले, दोघेही कोसळले, आणि उठताना पिअरझिन्स्कीने प्लेटवर सपकन हात आपटून धाव पूर्ण केली. दुसऱ्याच क्षणी दोघे समोरासमोर आले आणि बॅरेटने त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. दोन्ही संघ मैदानात धावून आले. बॅरेटवर दहा सामन्यांची बंदी आली. हंगामातला तो एक साधा शनिवार होता, मे महिना होता, आणि तक्त्याच्या दृष्टीने काहीही पणाला लागलेले नव्हते. हा प्रसंग मला अभिमानास्पद वाटत नाही; पण तक्ता जे सांगत नाही, ते तो नक्की सांगतो.

याच्याही आधी, 1985 ते 1995 या काळात, दोन्ही संघ वर्षातून एखाददुसरा प्रदर्शनी सामना खेळत, आणि त्यांत व्हाइट सॉक्स एकदाही हरले नाहीत. 7 एप्रिल 1994 चा सामना 4-4 असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी रिग्लीवर व्हाइट सॉक्सकडून बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन खेळला आणि त्याने पाच संधींत दोन फटके मिळवले. कुठल्याही नोंदीत न धरलेले हे सामने. 2010 पासून या लढतींसाठी रीतसर चषक ठेवला गेला आहे. तो नसता तरी गर्दीत फरक पडला नसता.

ज्या शहरांत अशी चुरस होती आणि संपली, तिकडे पाहिले की तिची किंमत अधिक कळते. बोस्टनमधून ब्रेव्ह्ज 1953 मध्ये गेले. सेंट लुईसमधून ब्राउन्स त्याच सुमारास गेले, फिलाडेल्फियातून ॲथलेटिक्सही, आणि 1957 च्या हंगामानंतर न्यूयॉर्कच्या डॉजर्स व जायंट्स या दोघांनी कॅलिफोर्नियाची वाट धरली. 1901 पासून आजपर्यंत आपले दोन्ही संघ अखंड राखणारे शहर एकच आहे, ते शिकागो. तेही थोडक्यात बचावले. 1988 मध्ये व्हाइट सॉक्स फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जायच्या बेतात होते. 30 जूनच्या मध्यरात्रीपर्यंत शिकागो ज्यात आहे त्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने नव्या मैदानाचा निधी मंजूर केला नाही तर सारे संपणार होते. गव्हर्नर जेम्स थॉम्प्सन सभागृहात फिरून एकेक मत गोळा करीत होते, आणि मतदान पूर्ण होईपर्यंत सभागृहाचे घड्याळ थांबवण्यात आले. त्या रात्री संघ गेला असता, तर कब्सच्या चाहत्याला दुसऱ्या दिवशी कचेरीत चिडवायला कोण उरले असते, हा प्रश्न मला फार खरा वाटतो.

व्हाइट सॉक्सनी 2005 साली 88 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. कब्सनी 2016 मध्ये 108 वर्षांनी. दुसऱ्या विजयाची गोष्ट जगभर सांगितली गेली आणि पहिल्याची त्या मानाने फारच थोडी, हे दक्षिणेतल्या माणसाला आजही बोचते, आणि ते बोचणे रास्त आहे. 2024 मध्ये तर व्हाइट सॉक्सनी एका हंगामात 121 सामने गमावले. आधुनिक काळात इतके सामने कोणीच गमावलेले नव्हते.

आणि मग 8 मे 2025 उजाडला. शिकागोत जन्मलेले कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट पोप लिओ चौदावे झाले, आणि काही तासांतच शहरात एक प्रश्न घुमू लागला: ते कोणत्या बाजूचे? रिग्लीच्या दर्शनी फलकावर ते कब्सचे असल्याची घोषणाही झळकली. तेवढ्यात त्यांच्या सख्ख्या भावाने खुलासा केला की ते व्हाइट सॉक्सचे आहेत, आणि 2005 च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत बसलेले त्यांचे चित्रीकरणही सापडले. ते बसले होते त्या विभागात, क्रमांक 140 मध्ये, संघाने त्यांचे चित्र लावले. 121 पराभव पचवलेल्या चाहत्याला हे किती मोठे वाटले असेल, याची कल्पना करून पाहा.

रेट फील्डचा करार 2029 मध्ये संपतो. तोवर तरी हे सामने होतील, अशी अपेक्षा आहे.

सामना संपल्यावर पुन्हा पस्तिसाव्या रस्त्याच्या स्थानकावर या. फलाटावर हॉट डॉगच्या कागदाचे बोळे पडलेले असतात. त्यांवर मोहरी लागलेली, केचप मात्र नाही, कारण या एका बाबतीत दोन्ही बाजूंचे एकमत आहे. जिंकलेले जिन्यावरूनच गात येतात आणि हरलेले फोनमध्ये मान घालून उभे राहतात. उत्तरेकडे जाणारी गाडी येते, दारे उघडतात, आणि निळ्या व काळ्या टोप्या एकाच डब्यात चढतात. मॅडिसनच्या खालून गाडी पुढे सरकते तेव्हा कुणीतरी कुणाला तरी पुढच्या सामन्याची तारीख विचारत असते.