नाचणीची आंबोळी: घड्याळ नको, पीठ बघा

नमस्कार मंडळी.

ही काचेची बरणी बघा. काल रात्री पीठ या रबरबँडपर्यंत होतं. आता सकाळचे आठ वाजलेत आणि पीठ पार झाकणाला टेकलंय. यात सोडा नाही, यीस्ट नाही. नाचणी, उकडे तांदूळ, उडीद आणि थोडी मेथी, बस्स.

कोकणात आंबोळी तांदळाची. आज आपण तीच नाचणीची करणार आहोत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत येणारं हे धान्य आमच्या घरी भाकरीत आणि आंबिलीत कायम असायचं. मी पहिल्यांदा आंबोळी केली ती तयार नाचणीच्या पिठाची, आणि ती तव्यावर चिखलासारखी बसली. पिठात उडीद नावालाच होता, चूक तिथेच होती.

कारण असं, की नाचणीत ग्लुटेन नसतं. पीठ आंबताना हवा तयार झाली तरी नाचणी ती धरून ठेवू शकत नाही. ते काम उडदाचं. वाटलेला उडीद चिकट, बुळबुळीत होतो ना, त्या चिकटपणातच हवेचे बुडबुडे अडकतात. आणि आंबवणारे जिवाणूही या धान्य-डाळीवर आधीपासूनच असतात. ल्युकोनोस्टॉक हा त्यातला मुख्य. तो आम्ल बनवतो, म्हणून आंबटपणा येतो. कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून पीठ फुगतं. विरजण बाहेरून घालावं लागत नाही.

आता प्रमाण. २ वाट्या अख्खी नाचणी, १ वाटी उकडे तांदूळ, पाऊण वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. तांदूळ अजिबात नको असेल तर ३ वाट्या नाचणीला १ वाटी उडीद घ्या. फक्त ती आंबोळी उलटताना तुटते, म्हणून लहान घाला.

नाचणीत खडा-माती असते. चार-पाच पाण्यांतून, तळाशी खर लागेनाशी होईपर्यंत धुवा. नाचणी आणि तांदूळ ८ तास भिजू द्या, उडीद-मेथी ४ तास. मोड आलेली नाचणी मात्र इथे नको. बाळाच्या सत्त्वाला ती उत्तम, पण मोड येताना तयार होणारी द्रव्यं पिष्ट तोडतात आणि पीठ पातळ पडतं.

[जवळून: मिक्सरचं भांडं]

उडीद आधी, वेगळा आणि गार पाण्यात वाटायचा. मिक्सर तापला की थांबा. झालाय का ते असं बघा: वाटीभर पाण्यात थेंब टाका. तरंगला? झालं. बुडाला तर अजून फिरवा. नाचणी-तांदूळ कमी पाण्यात वाटा; नाचणीचा दाणा बारीक असतो, पाणी जास्त झालं की पात्याखालून निसटतो. मग दोन्ही एकत्र करून हाताने कालवा. हाताची ऊबही कामी येते.

आणि आता वाट बघायची. रेसिपीत ‘८ तास’ लिहिलेलं असतं, ते कुणाच्या गावाचे ८ तास? मे महिन्यात सावंतवाडीत पीठ पहाटेआधीच उतू जाईल. डिसेंबरात पुण्यात १४ तासही लागतील. साधारण २८ ते ३२ अंशांत त्याला बरं वाटतं. थंडीत भांडं गुंडाळून बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. परदेशात असाल तर हाच उपाय. उन्हाळ्यात मीठ आधीच घाला, ते आंबणं जरा आवरतं. थंडीत मीठ शेवटी.

पीठ आलं की ढवळून त्याचा जीव काढू नका. एवढ्या तासांनी अडकलेली हवा आपणच घालवतो. डावाने वरून वरून घ्या.

[तवा]

बिडाचा तवा तापवा, पाण्याचा शिंतोडा नाचला की आच कमी करा. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा. मधोमध एक डाव पीठ, अगदी थोडं पसरा, घोटू नका. झाकण ठेवा. नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे सोनेरी रंगाची वाट बघत बसलात तर करपेल. वरची चकाकी गेली, जाळी पडली आणि कडा सुटल्या की ती झाली.

चटणी पाच मिनिटांची. वाटीभर ओलं खोबरं, २ हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, कोमट पाण्यात भिजवलेली २ आमसुलं, मीठ, चिमूटभर साखर. आमसुलं वाटायची, त्यांचं पाणीही घालायचं. नाचणीच्या मातकट चवीला हा आंबटपणा फार शोभतो, लिंबापेक्षा कितीतरी. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर खोबऱ्याचं तेल सुटतं. वरून खोबरेल तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता.

बरेच जण तब्येतीचं विचारतात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात १०च्या आसपास. नाचणीतलं फायटिक आम्ल ते शरीराला पूर्ण लागू देत नाही, आणि आंबवल्याने नेमकं हे आम्ल कमी होतं. पण नाचणी म्हणजे मधुमेहावरचं औषध, असं मी सांगणार नाही. बारीक वाटलेलं पिष्ट लवकर पचतं, साखर वाढू शकते. तेव्हा पथ्य डॉक्टरांना विचारूनच.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. जास्त आंबलं तर कांदा, मिरची, कोथिंबीर घालून जाड उत्तप्पा करा.

तुमच्याकडे पीठ यायला किती तास लागले, ते गावाचं नाव आणि महिना घालून खाली लिहा. मी सगळं वाचते.