टापाटापाला

(दृश्य: सिडनी, ब्राँटी. पहाट. लाट कठडा ओलांडून तलावात शिरते.)

हा ब्राँटीचा समुद्रतलाव, १८८७ साली खडकाच्या पायथ्याशी बांधलेला. भरतीला लाटा थेट आत येतात. आता जरा पोहणाऱ्यांचे हात बघा. एक हात पाण्यात शिरतो तोवर दुसरा बाहेर निघालेला. पाय सतत वरखाली. मान वळते ती श्वासापुरती. आपण याला सरसकट फ्रीस्टाइल म्हणतो. खरं नाव क्रॉल, म्हणजे रांगणं.

(दृश्य: ब्रिटिश म्युझियम, इराकमधल्या प्राचीन निमरुद शहरातलं शिल्प.)

इसवी सनापूर्वीचं नववं शतक. असिरियन तिरंदाजांपासून पळणारी माणसं नदीत उतरली आहेत. दोघांनी फुगवलेली कातडी पोटाशी धरली आहेत. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे, त्यातलाच प्रकार. तिसरा मोकळाच हात मारत निघालाय.

(दृश्य: लंडनची जुनी रेखाचित्रं.)

१८४४. इंग्रज तेव्हा बेडकासारखे, पाणी न उडवता पोहत. तिथे उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या दोन पुरुषांची शर्यत लावली गेली: फ्लाइंग गल आणि टोबॅको. १३० फूट, अर्ध्या मिनिटात. फ्लाइंग गल जिंकला. यांचे हात पवनचक्कीसारखे फिरतात, हे युरोपीय पोहणंच नव्हे, असं वर्तमानपत्राने छापलं. मग केनवर्थी नावाच्या इंग्रजाने त्यांना बेडूकपोहणीनेच हरवलं. झालं, विषय मिटला. पुढची कित्येक वर्षं लंडनने त्या हातांकडे ढुंकून पाहिलं नाही.

(दृश्य: पुन्हा ब्राँटी. लहान मुलं पाण्यात उड्या टाकतात.)

१८९८ च्या सुमारास याच तलावात एक शाळकरी पोरगा उतरला. अ‍ॅलिक विकहॅम. आई पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरची, वडील इंग्रज व्यापारी. त्या बेटांवरच्या रोव्हिआनाच्या उथळ, शांत समुद्रात तिकडची पोरं जसं पोहत, तसाच तोही पोहला. त्या पोहण्याला तिकडे शब्द आहे, टापाटापाला. मोठ्याने म्हणून बघा, पाय आपटल्याचाच आवाज येतो. काठावरचा प्रशिक्षक जॉर्ज फार्मर म्हणे ओरडला, ते पोर बघा कसं रांगतंय! नाव पडलं ते तिथून, असं सांगतात. म्हणजे पोहणं रोव्हिआनाचं आणि बारसं काठावरच्याने केलेलं.

(दृश्य: स्पर्धेचा तलाव, आठ रांगा, वरून.)

सिडनीच्या कॅव्हिल भावांनी ते उचललं. १९०२ मध्ये डिक कॅव्हिल शंभर यार्ड मिनिटाच्या आत पोहला. जगाने म्हटलं, ऑस्ट्रेलियन क्रॉल. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये हवाईच्या ड्यूक काहानामोकूने शंभर मीटरचं सुवर्ण नेलं. तो तर आपल्या घरच्या समुद्रातच शिकलेला. विकहॅम पुढे बेटांवर परतला, १९६७ साली वारला.

(दृश्य: ब्राँटी. एक मुलगी कठडा धरून नुसते पाय मारते आहे. निवेदन नाही. पाण्याचा आवाज पूर्ण.)