मावशींना प्रभूनं वाचवलं, मग नावेतल्या लेकरांना का नाही?

नमस्कार मंडळी. माझ्या मागं दिसतोय तो आपल्या सांगलीचा आयर्विन पूल. इथं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका मावशींकडं चिखल काढायला गेलो. मावशी ख्रिस्ती, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या रिटायर्ड नर्स. डॉक्टर वानलेसनी १८९४ ला सुरू केलेलं ते हॉस्पिटल. देव न मानणारा मी जन्मलो तिथंच, त्यामुळं मिशनऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ जरा अडखळते. असो. तर मावशी पंख्याखाली बायबल वाळवत बसलेल्या. पानं ओल्या पापडासारखी एकमेकांना चिकटलेली, आणि त्या सुरीच्या पात्यानं एकेक पान सोडवत होत्या. म्हणाल्या, "प्रभूनं वाचवलं बघ."

मी गप्प बसलो. पण त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली होती. त्यात लेकरंही गेली. मावशींना वाचवणारा हात तिथं का नाही पोचला?

बरेच नास्तिक बायबलमधल्या विसंगतींवर घसरतात. येशूला पकडून देणाऱ्या त्याच्या शिष्यानं, यहूदानं, फास घेतला असं बायबलातलं मत्तयचं पुस्तक म्हणतं. त्यातलंच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक काढा, तिथं तो पडून पोट फुटून मरतो. खरंय, पण हे वकिली मुद्दे झाले. माझं दुखणं वेगळं आहे. देव सर्वशक्तिमान आणि प्रेमळही असेल, तर हे घडतंच कसं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलंय, दोष माणसाचा. पुरापुरतं मी ते निम्मंअर्धं मान्य करतो. नदीपात्रात बांधकामं कुणी केली? धरणातनं पाणी सोडायचा निर्णय कुणाचा? देवाचा नक्कीच नाही. बरं, कोयनेचा भूकंप घ्या, ११ डिसेंबर १९६७. तिथंही कोयना जलाशयातल्या पाण्याच्या दाबाचा संबंध भूगर्भशास्त्रज्ञ लावतात. म्हणजे परत माणूसच!

मग पोर्तुगालच्या लिस्बनला चला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, आणि भूकंप झाला. छतं कोसळली ती प्रार्थना करणाऱ्यांवरच. तिथं धरण नव्हतं की अतिक्रमण नव्हतं. कुणाच्या स्वातंत्र्याचं बिल हे?

आता माझ्या विरोधातलं एक सांगतो. बायबलातल्या लूकच्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मरतात. येशू विचारतो, ती काय यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? आणि स्वतःच म्हणतो, नाही. म्हणजे 'पाप केलं म्हणून पूर आला' म्हणणाऱ्यांचं तोंड त्यानंच बंद केलंय. मला ते आवडलं. पण पुढं तो पश्चात्तापाचं बोलतो. बुरूज का पडला, ते सांगतच नाही.

हे मी मावशींना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "नाही रे सांगत. खरंच." आणि पुढचं पान सोडवायला लागल्या.

ख्रिस्ती मित्रांनो, तुमच्याकडं उत्तर असेल तर कमेंटमध्ये लिहा. फक्त 'देवाची योजना' एवढंच लिहून पळू नका, राव.