लॅपटॉप कोणी निवडायचा?

मंडळी, कोड लिहिणाऱ्याला त्याचं मशीन निवडू द्यावं, असं माझं म्हणणं आहे. हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत मला मिळालेल्या मशीनला १ जीबी रॅम होती. बिल्ड लावायचा, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायला सांगायचं, आणि चहाला जायचं, हा आमचा शिरस्ता. शेवटी एका शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, पदरच्या पैशानं आणखी १ जीबी घेतली आणि बसवली. बिल्डचा वेळ निम्म्यावर आला. आठवड्याभरात ॲडमिनचा माणूस आला, रॅम काढून पाकिटात घालून माझ्या हातात दिली. कंपनीच्या नोंदीत ती नव्हती. त्याचं काही चुकलं नाही, नियमच तसा होता. पण बिल्ड निम्म्या वेळात होतोय हे कोणालाच ऐकायचं नव्हतं, ते अजून मनाला लागतं.

जरा हिशेब मांडू. संथ मशीनवर बिल्डला ६ मिनिटं, चांगल्यावर २. दिवसाला १० बिल्ड धरले तर ४० मिनिटं गेली. वर्षाचे कामाचे २२० दिवस धरा, १४६ तास झाले. म्हणजे ८ तासांचे १८ दिवस! ज्या माणसावर कंपनी महिन्याला १ लाख खर्च करते, त्याचे हे जवळपास १ लाख, आणि तेही दरवर्षी. मशीनच्या किमतीतला फरक पन्नास-साठ हजारांचा, तोही तीन-चार वर्षांतून एकदा. त्यावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो तो वेगळाच.

यात तुटलेली तंद्री धरलेलीच नाही. आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी १९८२ सालीच लिहून ठेवलंय: संगणकाचं उत्तर सेकंदाच्या आत आलं, की माणूसही पुढची आज्ञा लवकर देतो. डोक्यातली पुढची पायरी पुसली जात नाही.

वेगाचं पटतं हो, पण पसंतीचे लाड कशाला, असं फायनान्सवाले विचारतात. लाड नाहीत ते. लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम; दहा वर्षं तिच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीवर, बसलेली बोटं दुसरीकडे अडखळतात, आणि अडखळताना चुका होतात. आयफोनचं ॲप करणाऱ्याला तर मॅक लागतोच, कारण ते ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, एक्सकोड, दुसरीकडे चालत नाही. अडचणीही खऱ्या आहेत. २०२० पासून मॅकमध्ये एआरएम जातीची चिप आली, सर्व्हर बरेचदा एक्स८६ या दुसऱ्या जातीच्या चिपचे, त्यामुळे एकीकडचा कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेला प्रोग्राम, दुसरीकडे जसाच्या तसा चालेल असं नाही. डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणं), अपडेट यांत कंपनीचाच शब्द अखेरचा हवा. म्हणून दोन-तीन पर्याय ठेवा. पण रॅमला हात आखडू नका.

मला खरा राग येतो तो हुद्द्यानुसार लॅपटॉप वाटण्याचा. दिवसभर मीटिंगमध्ये असणाऱ्याला ३२ जीबी आणि कोड लिहिणाऱ्या फ्रेशरला कोणीतरी सोडून गेलेलं मशीन. हे चूक आहे, आणि ज्यांच्या सहीनं हे होतं त्यांतले काही जण आज या सभागृहात असतील.

आता खरेदीवर माझी सही लागते. रुजू होण्याआधी प्रत्येकाला मी स्वतः फोन करतो. परवा साताऱ्याच्या एका मुलीला विचारलं, कुठलं मशीन हवं? म्हणाली, ‘कुठलंही चालेल, सर.’ पुन्हा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जरा थांबून म्हणाली, ‘लिनक्स मिळेल का?’