‘दादर ओन्ली’: ‘च’ला घातलेला इंग्रजी कोट

आमचं ऑफिस दादरला. मध्यंतरी लंडनहून एक बाई आल्या होत्या. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, लांबून येता का? मी तोऱ्यात म्हटलं, “नो नो, आय लिव्ह इन दादर ओन्ली.” बाई जरा थबकल्या. म्हणाल्या, “का, बाकीच्यांची दोन-दोन घरं असतात?” अहो, इथे वन-रूम-किचनचा हप्ता भरताना तोंडाला फेस येतो!

मला म्हणायचं होतं, ‘मी दादरलाच राहतो’. त्या ‘च’ला मी ओन्लीचा कोट घातला. पण आपला ‘च’ दोन कामं करतो. ‘मला चहाच हवा’, म्हणजे कॉफी नको. इथे ओन्ली चालतं. ‘मी इथेच आहे’ यात मात्र ‘फक्त’ नाही, नुसता जोर आहे. इंग्रजीतल्या ओन्लीला हे दुसरं काम जमत नाही. तिथे म्हणायचं, “आय ॲम राइट हिअर.” मीसुद्धा “राइट हिअर इन दादर” म्हणायला हवं होतं.

(हातात स्टीलचा डबा.)

आता हा डबा बघा. ‘मीच डबा आणला’, बाकी सगळे कँटीनला: ओन्ली आय ब्रॉट अ डबा. ‘मी डबाच आणला’, पाण्याची बाटली घरी राहिली: आय ब्रॉट ओन्ली द डबा. आणि आई नको म्हणत असताना ‘मी डबा आणलाच’? इथे ओन्ली घुसवू नका. आय डिड ब्रिंग द डबा. जोर ‘डिड’वर.

बोलताना लोक सर्रास ‘आय ओन्ली ब्रॉट द डबा’ म्हणतात. माझ्या मते त्यात काही चूक नाही, आवाजावरून अर्थ कळतो. कागदाला आवाज नसतो, ही पंचाईत. आमच्या सोसायटीत बोर्ड लागला: ‘व्हिजिटर्स कॅन ओन्ली पार्क ऑन संडे’. आता पाहुण्यांनी गाडी रविवारीच लावायची, की रविवारी नुसती गाडी लावायची आणि वर यायचं नाही? माझा मेव्हणा गाडी लावून खालूनच फोन करतो, “वर येऊ ना?” ओन्ली उचलून ‘ऑन संडे’च्या आधी ठेवलं असतं, तर त्याची सोय झाली असती.

जाता जाता, ओन्लीच्या पोटात ‘वन’ आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधारण ‘एकासारखा’. ओन्ली चाइल्डला आपण ‘एकुलतं एक’ म्हणतो, तिथेही एक आहेच.

आणि हे एक लक्षात ठेवा: ‘ओन्ली जस्ट’ म्हणजे जेमतेम. ‘आय ओन्ली जस्ट कॉट द ८.४२’, म्हणजे गाडी हलली तेव्हा कुठे दांडा हाताला लागला. ‘आय कॉट द ८.४२ ओन्ली’ हे आपलं मुंबईचं इंग्रजी, ‘८.४२चीच पकडली’. प्लॅटफॉर्मवर बिनधास्त बोला, शेजारच्याला बरोबर कळतं. परदेशी ईमेल पाठवताना तेवढं शेवटचं ओन्ली खोडा.