तेलाची ऊर्जा, कोंबडीच्या हिशेबाने

(दृश्य: निफाड, थंडीतली सकाळ. फीड मिलच्या आवारात तेलाची पिंपं.)

जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा सकाळी पाम तेलाचं पिंप थिजलेलं असतं, सोयाबीनचं मात्र पातळच. कोंबडीच्या खाद्यात घालायच्या या तेलाची ऊर्जा मोजायची, तर नमुना काढण्याआधी पिंप कोमट करून तळापर्यंत ढवळायचं. पाणी आणि गाळ तळाशी बसतात; नुसतं वरचं तेल घेतलं, तर तो नमुना त्या पिंपाचा राहत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. बॉम्ब कॅलरीमीटर.)

जाड पोलादी भांडं, त्यात जेमतेम अर्धा ग्रॅम तेल, सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन आणि एक ठिणगी. भोवतालचं पाणी किती तापलं, त्यावरून उष्णता कळते. आधी बेंझोइक आम्लाची गोळी जाळून यंत्र पडताळायचं. भांड्यात काजळी दिसली, तर ज्वलन अर्धवट झालं; ते माप सरळ रद्द.

इथे सोयाबीन काय आणि पाम काय, दोन्ही किलोला ९,४०० किलोकॅलरीच्या आसपास भरतात. त्यामुळे नुसत्या या आकड्यावर खाद्याचा फॉर्म्युला बांधता येत नाही. पचतं किती, ते पक्ष्यावरच मोजावं लागतं.

(दृश्य: जाळीचे पिंजरे, खाली ट्रे.)

मका-सोयापेंडीचं मूळ खाद्य घ्यायचं. दुसऱ्या खाद्यात त्याचेच ९४ भाग आणि तपासायचं तेल ६ भाग. तीन-चार दिवस सवयीचे. पुढचे चार दिवस खाल्लेलं खाद्य आणि पडलेली विष्ठा, दोन्ही तोलायची. ट्रेमधली पिसं वेचून टाकायची. सांडलेलं खाद्य वेगळं काढून, सुकवून, खाल्लेल्यातून वजा करायचं. विष्ठा ६० अंशांवर सुकवायची. जास्त तापली की अमोनिया उडतो आणि नायट्रोजनचा हिशेब बिघडतो. मग खाद्य आणि विष्ठा दोन्ही कॅलरीमीटरमध्ये जाळायची; खाल्लेल्या ऊर्जेतून विष्ठेतली वजा केली की पक्ष्याला मिळालेली ऊर्जा कळते. त्यातूनही अंगी लागलेल्या दर ग्रॅम नायट्रोजनमागे ८.२२ किलोकॅलरी वजा होतात, म्हणून तो हिशेब चोख हवा.

(दृश्य: फळ्यावर आकडेमोड.)

खरी गोम इथे आहे. समजा, मूळ खाद्य किलोला २,९०० किलोकॅलरीचं आणि तेल घातलेलं खाद्य ३,२५० चं निघालं. २,९०० चे ९४ टक्के, म्हणजे २,७२६, वजा केले, उरले ५२४. त्याला ०.०६ ने भागलं की तेलाची ऊर्जा ८,७३३. आता खाद्याच्या मापात फक्त ३० ची चूक होऊ द्या. एक टक्कासुद्धा नाही, पण तेलाचा आकडा ५०० ने सरकतो! मिक्सरच्या भिंतीला चिकटून राहिलेलं तेलही एवढी चूक सहज करतं. म्हणून तयार खाद्यातला स्निग्धांश तपासायचाच. एकाच प्रमाणावर विसंबण्यापेक्षा ३, ६ आणि ९ टक्के तेलाची खाद्यं करून, तेलाबरोबर ऊर्जा कशी वाढते त्या रेषेचा चढ काढलेला बरा.

कधी उत्तर ९,४०० च्याही वर जातं. दर वेळी ती चूकच असते असं नाही. तेलामुळे खाद्य आतड्यातून सावकाश सरकतं, बाकीचे घटक जास्त पचतात आणि त्याचं श्रेय हिशेबात तेलाच्या खात्यावर जमा होतं.

(दृश्य: ब्रूडरखालची पिल्लं.)

पहिल्या आठवड्यात पिल्लाकडे चरबी पचवणारे पित्तक्षार आणि लायपेज दोन्ही तोकडे. पामसारखं संतृप्त तेल त्याला नीट पेलत नाही. २१ दिवसांच्या पक्ष्यांवर मोजलेला पामचा आकडा प्री-स्टार्टरला, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या खाद्याला लावला, तर कागदावरची ऊर्जा पिल्लापर्यंत पोहोचत नाही. तिथे सोयाबीन तेल घालावं आणि पाम फिनिशरसाठी, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यासाठी ठेवावं, तेही थोडं सोयाबीन मिसळून. मिश्रणात पाम अधिक पचतं.